समास सोडण्याचे शहाणपण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांच्या नावाने चालणाऱ्या व्याख्यानमालेत मराठीच्या एका सेवानिवृत्त प्राध्यापकाने क्लाऊड संगणनाविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. पण हा विषय शाळेनेच माझ्यापुढे ठेवला आहे. शाळेच्या जुन्या प्रवेशनोंदवह्या, हस्तलिखित वार्षिकांक आणि छायाचित्रे यांच्या संगणकीय प्रती करून त्या क्लाऊडवर ठेवण्याचा माजी विद्यार्थी मंडळाचा संकल्प आहे. इंदुरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांची नावे त्या वह्यांत आहेत. संकल्प स्तुत्यच आहे. मात्र त्यासंबंधीच्या सभेत एक वाक्य मी वारंवार ऐकले : ‘एकदा क्लाऊडवर ठेवले की चिंता मिटली.’ त्या वाक्याचाच आज विचार करू.

क्लाऊड म्हणजे ढग. पण या ढगाचे पाय जमिनीवरच असतात. अमेरिकेतील राष्ट्रीय प्रमाण संस्थेने २०११ साली त्याची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की, अनेकांनी सामायिक वापरावयाची संगणकीय साधने, मागू तेव्हा, हवी तेवढी, जाळ्यामार्फत मिळावीत आणि त्यांच्या वापराचे मोजमाप व्हावे. ही साधने कोठे तरी एखाद्या इमारतीतच असतात. ॲमेझॉनने भारतात आपली अशी केंद्रे प्रथम २०१६ मध्ये मुंबईत आणि पुढे २०२२ मध्ये हैदराबादेत उघडली. इमारत म्हटली की तेथे वीज जाऊ शकते, आग लागू शकते, माणसाचा हात चुकू शकतो. म्हणूनच या क्षेत्रातील जाणत्यांनी अनुभवान्ती काही उत्तम प्रघात सिद्ध केले आहेत. ॲमेझॉनने २०१५ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या रचनाविषयक मार्गदर्शिकेत आज सहा स्तंभ मानले आहेत : सुचारू संचालन, सुरक्षितता, भरवसा, कार्यक्षमता, खर्चाचा विवेक आणि २०२१ मध्ये जोडलेला पर्यावरणाचा विचार.

ही मार्गदर्शिका एका तरुण माजी विद्यार्थ्याने मला समजावून सांगितली, तेव्हा मला दासबोधाची आठवण झाली. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, हे सांगताना समर्थ पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडावयास सांगतात. कारण त्यांनी दिलेलेच आहे : कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये. पोथी जीर्ण होणारच, हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे. क्लाऊडच्या मार्गदर्शिकेतील भरवशाच्या स्तंभाचे मर्मही हेच आहे. यंत्र बिघडणार नाही, असे आश्वासन ती देत नाही. ते बिघडेल असे समजून आधीच समास सोडा, असे ती सांगते.

हा समास सोडला नाही म्हणजे काय होते? १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या क्लाऊड कंपनीच्या केंद्राला आग लागली आणि तेथील एक पाच मजली इमारत भस्मसात झाली. प्राणहानी झाली नाही. परंतु ज्या ग्राहकांच्या मूळ नोंदी आणि राखीव प्रती त्याच आवारात होत्या, त्यांपैकी काहींचे सर्वस्व गेले. त्यांनी प्रती केल्या होत्या. त्या दूर ठेवल्या नव्हत्या, एवढेच.

त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. प्रबंधाच्या काळात मी माळव्यातील मराठी स्त्रियांकडून ओव्या टिपून घेतल्या होत्या. त्यांची दुसरी प्रतही स्वहस्ते उतरवली होती आणि दोन्ही प्रती एकाच लाकडी कपाटात ठेवल्या होत्या. एका पावसाळ्यात भिंत पाझरली, मागोमाग वाळवी लागली. कपाट उघडले तेव्हा दोन्ही प्रतींची माती झाली होती. त्यांतील बऱ्याच गायिका तोवर निवर्तल्या होत्या. त्या ओव्या पुन्हा मिळाल्या नाहीत.

छायाचित्रकार पीटर क्रॉग यांच्या नावाने ओळखला जाणारा एक साधा नियम आहे : प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक तरी अन्यत्र असावी. हा नियम मला तेव्हा कोणी सांगितला असता तर!

पण नियम ठाऊक असणेही पुरेसे नाही. गिटलॅब नावाच्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने थकल्या अवस्थेत चुकीच्या यंत्रावर आज्ञा दिली आणि चालू माहितीसाठा पुसला गेला. राखीव प्रतींची पाच साधने त्यांच्यापाशी होती. प्रसंग आला तेव्हा नेहमीच्या प्रती तयारच होत नसल्याचे उघडकीस आले. तसे कळवणारी पत्रेही कोणापर्यंत पोहोचत नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून बाकीचे वाचले. मधल्या तासांतील नोंदी गेल्या. त्या कंपनीने आपली चूक जगासमोर तपशीलवार मांडली, हा तिचा मोठेपणा. तिचा धडा असा की, जी प्रत परत उघडून पाहिलेली नाही, ती प्रत नव्हेच. पाठांतर झाले की नाही हे म्हणून दाखविल्यावाचून कळत नाही, हे या शाळेत शिकलेल्यांना वेगळे सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट किल्लीची. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जतन केले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो संकेत उलगडेपर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकांना ते ग्रंथ समोर असूनही वाचता येत नव्हते. क्लाऊडवरील संचिताचेही तसेच आहे. इमारत, वीज आणि यंत्रे यांची जबाबदारी सेवा देणाऱ्याची; पण किल्ली कोणाकडे असावी आणि आत काय असावे, ही जबाबदारी आपली. उद्या परवलीचा शब्द एकाच कार्यकर्त्याच्या स्मरणात राहिला आणि तो परगावी गेला, किंवा वार्षिक शुल्क भरावयाचे राहून गेले, तर आग न लागताही आपल्या वह्या आपल्याला पारख्या होतील.

म्हणून मंडळाला माझी चार नम्र मागणी आहेत. मूळ वह्या टाकून देऊ नका. त्यांना कोरडे कपाट द्या. क्लाऊडवरील प्रतीखेरीज एक प्रत वेगळ्या साधनावर, इंदुराबाहेरच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याकडे ठेवा. किल्ली दोन पदाधिकाऱ्यांकडे असू द्या, आणि नोंदी खाजगी असल्याने कोणी काय पाहावे हे लेखी ठरवा. आणि दरवर्षी या व्याख्यानाच्या दिवशी, कोणतीही एक वही निवडून, तिची प्रत क्लाऊडवरून उतरवून येथे सर्वांसमक्ष वाचा.

गुरुजी दर शनिवारी वर्गात वह्या तपासत. समास आखलेला नसेल तर मजकूर न वाचताच ते वही परत करीत. आम्हांला तो शिस्तीचा अतिरेक वाटे. कागदाच्या कडेचे मोल ते जाणत होते, हे मला माझे ते कपाट उघडल्यावर उमगले. आपण पुढच्या पिढीच्या हाती जी वही देणार आहोत, तिला समास आहे ना, एवढे आज पाहून घेऊ या.