ताऱ्यामागे आलेले ज्ञानी



नाताळच्या गोठ्यात तुम्ही त्यांना पाहिलं असेल.
भरजरी वस्त्रं, हातात भेटी.
पूर्वेकडून ताऱ्यामागे आलेले हे ज्ञानी, मागी.

मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांची कथा आहे.
ते तीन होते, असं तिथं लिहिलेलं नाही.
भेटी मात्र तीन आहेत.

सोनं, राजासाठी.
ऊद, देवासाठी.
आणि गंधरस…
प्रेताला लावायचं सुगंधी द्रव्य!
तान्ह्या येशूबाळापाशी त्याच्या मरणाची खूण.
ख्रिस्ती परंपरा असा अर्थ लावते.

मला त्याहून मोठी वाटते, ती त्यांची नम्रता.
ते परमुलखातले.
तरी दर्शन त्यांना घडलं.
एवढे ज्ञानी, पण बाळापुढे पालथे पडले.
हो, ज्ञानी नमले.

गोव्यात रेईश मागूश, चांदर आणि कासावलीला
६ जानेवारीला याच ज्ञान्यांचं, म्हणजे परंपरेतल्या तीन राजांचं फेस्त असतं.
मुलं राजे होऊन घोड्यावरून येतात.
जमलं तर जरूर जा.