पहिलं धनुष्य घेताना

नागपूरच्या ओजस देवतळेनं २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून चंद्रपूर-गडचिरोलीतले अनेक पालक विचारतात, मुलाला कोणतं धनुष्य घ्यावं?

ओजसचं कंपाउंड धनुष्य चाकांचं आणि फार महाग. सुरुवात तिथून करू नका. 'इंडियन राउंड' या स्पर्धाप्रकारात बांबूचं किंवा लाकडी धनुष्यच चालतं, आणि बांबू तर आपल्या रानातला! त्यानं हात बसला की लाकडी मुठीचं, सुटं होणारं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य घ्या. त्यात मूठ तीच ठेवून फक्त वरखालच्या पात्या बदलता येतात, म्हणून खर्च टप्प्याटप्प्यानं होतो.

खरी गफलत होते ती ताणात. दोरी ओढायला लागणारा जोर पौंडात मोजतात. नवशिक्या मुलांना साधारण १६ ते २० पौंड पुरे. 'पुढे वाढेल, आत्ताच जड घेऊ' हा हिशेब खांदा दुखावतो आणि वाईट सवयी लावतो.

बाणही आखूड नकोत. ओढलेला बाण धनुष्याच्या मागे सरकला तर हाताला इजा होते. म्हणून थोडे लांबच घ्या. कार्बनचे राहू द्या, ॲल्युमिनियमचे चालतात. तडा गेलेला बाण मात्र लगेच मोडून टाका.

वाचलेल्या पैशातून हातपट्टी आणि बोटांचं चामडी संरक्षक आधी घ्या. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नका, पात्या तडकतात.