प्रवासातले चार घास

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाचा सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण चिटणीसबाईंनी यंदा विषय दिला तो 'प्रवासात खाल्लेले आणि लक्षात राहिलेले पदार्थ' हा. तेव्हा मनात आले, या विषयाला शाळा लागत नाही, जीभ असली की पुरे. ती देवाने मला दिली आहे, आणि दोन्ही कामांसाठी दिली आहे असे घरची मंडळी म्हणतात. म्हणून उभी राहिले. काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

प्रथम आपल्या कऱ्हाडच्याच रस्त्यापासून सुरुवात करते. पुणे-बेंगळूर रस्त्याने कोल्हापूरकडे जाताना जागोजागी पाट्या दिसतात, 'अख्खा मसूर'. बाहेरगावचे लोक मोटारी थांबवून तो खातात. आता मसूर म्हणजे आपल्याला काय नवीन? आपल्या घरी पंधरा दिवसांतून एकदा तो शिजतोच आणि मुले तोंड वाकडे करतात. तोच मसूर हॉटेलात भरपूर कांदा-टोमॅटो, आले-लसूण घालून, तेलावर परतून, वर तवंग आणून गरम रोटीबरोबर पुढे आला की तीच मुले बोटे चाटतात. माझा मुलगा एकदा म्हणाला, "आई, तू असा का करत नाहीस?" मी म्हटले, "बाळा, तेल मोजून वापरायचे नसेल आणि मागून भांडी दुसऱ्याने घासायची असतील, तर मीही असाच करीन." गंमत सोडा, पण त्यातले इंगित खरे आहे. तिथे एका मोठ्या पातेल्यात तास दोन तास मंद आचेवर मसूर मुरत असतो. आपण मात्र एकीकडे डबे, एकीकडे दूध, दारात घंटागाडी, अशा गडबडीत फोडणी देतो. पदार्थ तोच, पण त्याला मिळणारी उसंत वेगळी.

दुसरा पदार्थ कर्जतचा बटाटेवडा. माझी नणंद मुंबईला असते. तिच्याकडून येताना आम्ही कोयना एक्स्प्रेसने येतो. कर्जतला गाडी थांबते, कारण पुढे बोरघाट. हा रेल्वेचा घाटमार्ग 1863 साली सुरू झाला. चढ असा की 37 फूट पुढे गेले की गाडी 1 फूट वर चढलेली असते. म्हणून कर्जतला गाडीच्या मागून जादा इंजिने जोडतात, ती लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलतात. इंजिने जोडेपर्यंत फलाटावर 'वडे, वडे' असा एकच पुकारा चालतो. दिवाडकरांचा वडा तिथला प्रसिद्ध. कागदात गरम वडा, वर कोरडी लसणाची चटणी आणि तळलेली हिरवी मिरची, बस्स. आमचे 'हे' खिडकीतून वडे घेतात आणि पहिला वडा माझ्या हातात देतात. वडा हातात धरून पैसे मोजता येत नाहीत, हे त्याचे खरे कारण. पण कारण काही असो, पहिला घास माझा होतो! माझी खात्री आहे की त्या वड्याच्या चवीत घाटाचा गार वारा जेवढा आहे, तेवढाच हा पहिला घासही आहे.

आता जे सांगणार आहे ते माझ्या सासूबाईंविषयी. त्या आज नाहीत. सहा वर्षांपूर्वी आम्ही त्यांना घेऊन पंढरपूर आणि तिथून अक्कलकोटला गेलो होतो. येताना सोलापुरात दुपार झाली. स्टँडजवळ एका साध्या खानावळीत शिरलो. सासूबाई दारातच अडखळल्या. त्यांच्या तरुणपणी बाईमाणसाने हॉटेलात बसणे बरे दिसत नसे. जुन्या हॉटेलांतून बायकांसाठी पडदे लावलेली 'फॅमिली रूम' असायची, तीसुद्धा मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी. खेड्यातल्या बाईला ते माहीतच नव्हते. बरोबर दशम्या बांधून घ्यायच्या आणि झाडाखाली खायच्या, एवढाच त्यांचा प्रवास. सत्तरी जवळ आली तरी त्या कधी हॉटेलात जेवल्या नव्हत्या.

खानावळीत समोरच चुलीपुढे एक बाई ज्वारीच्या भाकरी थापत होती. सोलापूरची कडक भाकरी आपल्याला माहीत आहे, वाळवून ठेवली तर दिवसच्या दिवस टिकते. पण आम्हाला मिळाली ती तव्यावरून उतरून निखाऱ्यावर टम्म फुगलेली. बरोबर शेंगांची चटणी, दही, वांग्याची भाजी आणि कच्चा कांदा. पहिली भाकरी सासूबाईंच्या ताटात पडली. त्यांनी ती उचलून सवयीने मुलाच्या ताटात ठेवली. दुसरी आली, ती नातवाच्या ताटात. तिसरी माझ्याकडे सरकवली. चुलीपुढची बाई हे बघत होती. ती चौथी भाकरी घेऊन स्वतः उठून आली आणि म्हणाली, "आजी, ही तुमची. गरम हाय तवर खावा की. मी हाय थापायला, सरत न्हाईत भाकरी."

सासूबाईंनी भाकरीचा पापुद्रा मोडला. आतून वाफ आली. दही-चटणी लावून त्या जेवल्या, आणि दोन भाकरी जेवल्या. गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "लग्नाला पन्नास वर्षं झाली. फुगलेली भाकरी रोज केली, पण माझ्या पानात आज पडली."

मैत्रिणींनो, त्या रागाने बोलल्या नाहीत. तक्रारही नव्हती. भाव कळावा तशा सहज बोलल्या. पण आमच्या गाडीत पुढे बराच वेळ कोणी बोलले नाही. घरी आल्यावर ह्यांनी एक नियम केला. दर रविवारी आईचे पान पहिले मांडायचे आणि तव्यावरची पहिली भाकरी तिला. त्या "नको नको" म्हणत, पण वेळेवर येऊन बसत. पुढे तीन वर्षे, त्या असेपर्यंत, तो नियम मोडला नाही.

चौथी गोष्ट आपल्या मंडळाच्या सहलीची. एस.टी. महामंडळाने 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत दिली, आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर आपण चौदा जणी गणपतीपुळ्याला गेलो. कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून पुढे. वाचलेले अर्धे तिकीट आपण जेवणात घालायचे ठरवले होते, हे आठवत असेल.

तिथे एका घरगुती खानावळीत आपण उतरलो. तिकडे रीत अशी की किती पाने आणि काय हवे ते सकाळी सांगायचे, मग त्या हिशेबाने रांधतात. आपण उकडीचे मोदक सांगितले. आपल्याकडे देशावर तळणीचे मोदक किंवा पुरणाची पोळी, त्यामुळे उकडीचे अप्रूप. सुवासिक तांदळाची पिठी, तिची उकड हातांना चटका बसेल इतकी गरम असतानाच मळायची. ती निवली की पारीला चिरा पडतात. आत ओला नारळ आणि गूळ, कळ्या पाडून वर टोक, आणि मोदकपात्रात वाफवायचे. पान मांडले केळीचे. मोदक फोडून त्यावर साजूक तुपाची धार. सोबत वरण-भात, बिरड्यांची उसळ आणि सोलकढी. ज्यांनी खाल्ले त्यांना आणखी काय सांगावे, आणि ज्या आल्या नव्हत्या त्यांना चुटपुट लागावी म्हणून एवढे सांगितले.

पण मला आठवते ते मोदकांइतकेच पुढचे. वाढायला सुरुवात झाली आणि आपल्या चौदातल्या नऊ जणी वाढायला उठल्या! सवयच ती. त्या खानावळवाल्या काकी हसून म्हणाल्या, "बसा ओ, आज तुम्ही पाहुण्या." बसायला सांगावे लागते, ही आपली कथा. जेवण झाल्यावर आपल्यातल्याच एकीने विचारले, "काकी, तुम्ही कधी जेवणार?" त्या म्हणाल्या, "तुम्ही गेलात की. उष्टी काढते, मग बघते." तेव्हा आपण काय केले ते या मंडळाच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखे आहे असे मला वाटते. चौघींनी उष्टी काढली, दोघींनी उरलेले मोदक पुन्हा वाफेवर ठेवले आणि काकींना पाटावर बसवून आपण वाढले. पहिलाच वरण-भाताचा घास घेऊन काकी म्हणाल्या, "वरणात मीठ कमी आहे की! कोणी सांगितलं नाहीत मला." सगळ्या हसलो. गरम वरण बसून खाल्ले तेव्हा बाईला स्वतःच्या हातची चव कळली.

यावरून मला आमचे मामंजी आठवतात. ते मुंबईला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात तेही गावी परत आले ते कायमचे. पण लालबागच्या खानावळीची गोष्ट ते शेवटपर्यंत सांगत. खानावळ म्हणजे एका कामगाराच्याच बायकोची एक खोली. आपल्या सातारा भागातले आणि कोकणातले गडी पाळीपाळीने येऊन जेवत. कोणाला भाकरी जाड लागते, कोणाचा उपास कधी, कोणाचे पैसे थकलेत, सारे तिच्या डोक्यात. गिरण्यांची ही एवढी मोठी चाके अशा बायकांच्या चुलीवर फिरत होती. पण त्या स्वतः वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात बुडालेल्या. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. पुढे 2002 साली सरकारने प्रेमाताईंना पद्मश्री दिली. आपल्यासारखेच एक महिला मंडळ, पण त्याने रांधणाऱ्या बाईचा हिशेब मांडला. म्हणून मला त्याचे मोल वाटते.

आता कोणी म्हणेल, हॉटेलात दोनशे रुपये घालवायचे, तेवढ्यात घरी चौघांचे जेवण होते. हिशेब बरोबर आहे. डाळ, तांदूळ, तेल, गॅस, सगळे धरले तरी घरचे स्वस्तच पडते. फक्त त्या हिशेबात आपले दोन हात कोणी धरत नाही. हॉटेलवाला त्याच्या आचाऱ्याचे हात धरतो, म्हणून त्याचे ताट महाग. मी उठसूट हॉटेलात जा म्हणत नाही. पण वर्षातून एकदा-दोनदा बाईने बसावे आणि दुसऱ्याने वाढावे, हा खर्च उधळपट्टीत मोडत नाही.

जाणाऱ्यांसाठी अनुभवाच्या दोन गोष्टी सांगते. जिथे गर्दी वाहती असते तिथे बसावे, तिथले अन्न ताजे असते. पाट्या मोठ्या आणि टेबले रिकामी असतील तर पुढे जावे. आणि दुसरी, जरा संकोचाची. आत शिरण्यापूर्वी बायकांची सोय स्वच्छ आहे का ते बघावे. आपण बायका प्रवासात त्या धास्तीने पाणीच पीत नाही आणि मग घरी येऊन दुखणे काढतो. चौदा जणी मिळून विचारले तर हॉटेलवाला किल्ली शोधून कुलूप काढतो, हे आपण चिपळूणच्या वाटेवर पाहिले आहे. विचारायला लाजू नये.

लांबले फार. एक सूचना मांडते आणि पुरे करते. आज वर्धापनदिनाचे जेवण आहे. आपल्या सात भगिनी पहाटेपासून मागच्या अंगणात रांधत आहेत. माझे हे भाषणही त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नसेल, कारण पुऱ्या तळायचा आवाज मला इथपर्यंत येतो आहे. तर पहिल्या पंगतीला त्या सात जणींना बसवावे. वाढायला मी उभी राहते, आणि ज्यांनी ज्यांनी आज इथे भाषण केले त्या सर्वांनी माझ्याबरोबर उभे राहावे. पुरी फुगलेली आहे तोवर त्यांच्या पानात पडली पाहिजे, म्हणून मी आता थांबते.