आजीला दिसणाऱ्या बायका

आज जरा घरातलं सांगते.

माझी आजी ८४ वर्षांची. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. दिवाळीत ती मला हळूच म्हणाली, "अगं, दुपारी खिडकीपाशी चार-पाच बायका येऊन बसतात. नऊवारीतल्या. बोलत काहीच नाहीत."

"कुणाला सांगितलंस?"

"नाही बाई. म्हातारीला वेड लागलं म्हणाल. तिथं कुणी नसतं, कळतं मला."

खरं सांगू? मी घाबरले. शेजारच्या काकू तर लगेच 'बाहेरचं' बघणाऱ्याचा नंबर द्यायला लागल्या!

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र शांतपणे नाव सांगितलं: चार्ल्स बोने सिंड्रोम. बोने हा जिनिव्हाचा निसर्ग-अभ्यासक. त्याच्या आजोबांना मोतीबिंदू होता आणि त्यांना नसलेली माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. डोकं एकदम शाबूत. बोनेने हे १७६० मध्ये लिहून ठेवलंय.

हे होतं कसं? आपल्याला वाटतं, डोळा बघतो. डोळा नुसता कच्चा माल पाठवतो. चित्र मेंदू बनवतो, आणि त्यात बराचसा अंदाज असतो. डोळ्यातून नस जिथून बाहेर पडते, तिथं प्रत्येकाला आंधळा ठिपका असतो. तुम्हाला कधी तिथं भोक दिसलंय? नाही ना? मेंदू आजूबाजूचं बघून ठिगळ लावतो.

आता कच्चा मालच कमी आला तर? मेंदूतले बघण्याचे भाग गप्प बसत नाहीत, आपणहून काम सुरू करतात. लंडनच्या संशोधकांनी १९९८ मध्ये अशा लोकांचे मेंदू स्कॅन केले. नसलेले रंग दिसत होते तेव्हा रंग ओळखणारा भाग जागा होता, चेहरे दिसत होते तेव्हा चेहऱ्यांचा. म्हणजे आजी 'काहीतरी बरळत' नव्हती. तिला खरंच दिसत होतं.

एक मात्र सांगते. असे भास विसरभोळेपणाच्या आजारात किंवा काही औषधांनीही होतात, म्हणून घरच्या घरी निदान करू नका. आमच्या डॉक्टरांनी आधी तेच तपासलं. मग आजीला सांगितलं, खोलीत उजेड ठेवा, डोळे इकडेतिकडे फिरवा. कधी जातात बायका, कधी नाही.

आता आजी लपवत नाही. परवा फोनवर म्हणाली, "आज तिघीच आल्या गं. एकीचं हिरवं लुगडं काय सुंदर होतं!"