घर, म्हशी आणि चार खाचरे असताना कर्जमाफीत बसता येते का?

(गुंजवणे, ता. राजगड (पूर्वीचे वेल्हे), जि. पुणे येथे शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाताची झोडणी उरकून तुम्ही वेळ काढलात, त्याबद्दल आभार. आज बियाणे, खते, करपा यांविषयी बोलणार नाही. या खोऱ्यात मला एक प्रश्न नेहमी विचारतात, पण सभेत नव्हे. सभा संपली की कोणीतरी बाजूला घेतो आणि हळूच म्हणतो, "साहेब, घर बांधलंय, दारात दोन म्हशी हायेत, मोटारसायकल हाय. मग आमचं कर्ज माफ कसं व्हणार?" त्याचे उत्तर आज सर्वांसमोर देतो.

माझ्या चुलत्यांचेच सांगतो. जमीन अडीच एकर, घर कौलारू, दावणीला दोन जनावरे. सन २००८ मध्ये केंद्र सरकारची कर्जमाफी आली. सोसायटीच्या भिंतीवर यादी लागली. चुलते ती पाहायला गेलेच नाहीत. "ज्याच्याकडे काही नाही त्याच्यासाठी ती योजना, आपल्याकडे देवाच्या दयेने आहे," असे म्हणाले. पुढे कळले की यादीत त्यांचे नाव नव्हते, पण असायला हवे होते. तोवर तक्रारीची वेळ निघून गेली होती. व्याजासह ते कर्ज त्यांनी दोन्ही जनावरे विकून फेडले.

आता ती योजना काय पाहत होती ते पाहा. कर्ज ३१ मार्च २००७ पर्यंत वाटलेले, ३१ डिसेंबर २००७ रोजी थकीत आणि २९ फेब्रुवारी २००८ पर्यंत न फेडलेले असावे, ही पहिली अट. दुसरी अट जमिनीच्या क्षेत्राची. १ हेक्टरपर्यंत अत्यल्प भूधारक, २ हेक्टरपर्यंत अल्प भूधारक, आणि या दोघांची पात्र रक्कम पूर्ण माफ. २ हेक्टरच्या वर असलेल्यांना ७५ टक्के रक्कम भरल्यावर २५ टक्के सवलत. घर कौलारू की सिमेंटचे, म्हशी किती, जमिनीला बाजारात काय भाव, हे कोठेच विचारलेले नव्हते. अडीच एकर म्हणजे एकच हेक्टर. चुलते सर्वात खालच्या वर्गात बसत होते!

असे घडलेले ते एकटे नव्हते. महालेखापरीक्षकांचा अहवाल २०१३ मध्ये संसदेपुढे आला. लाभ न मिळालेल्या ९,३३४ खात्यांची तपासणी झाली, त्यांतील १,२५७ खातेदार पात्र असूनही बाहेर राहिले होते. म्हणजे दर आठामागे एकाहून अधिक. उलट अपात्र असून लाभ मिळालेलेही बरेच सापडले. यादी सरकारी असली तरी ती माणसेच करतात, म्हणून स्वतः जाऊन पाहावी.

त्यानंतर राज्याच्या दोन योजना आल्या. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत मर्यादा दीड लाखाची होती आणि कुटुंब हा घटक धरला होता. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले. आपल्या भागात हे फार महत्त्वाचे आहे. येथे घरटी एखादा मुलगा पुण्या-मुंबईला नोकरीस असतो. "पोरगा कंपनीत आहे, आपले जमणार नाही," असे कित्येकांनी परस्पर ठरवून टाकले. सज्ञान मुलाचा पगार त्या हिशेबात धरलेलाच नव्हता.

२०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेले आणि ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेले पीक कर्ज २ लाखांपर्यंत माफ झाले. येथे जमिनीच्या क्षेत्राची अटही नव्हती. वगळले कोणाला, तर आमदार-खासदारांना, शेतीबाहेरच्या उत्पन्नावर आयकर भरणाऱ्यांना, चतुर्थ श्रेणी सोडून महिना २५ हजारांवर पगार असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना आणि तितके निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना. माजी सैनिकांना मात्र निवृत्तिवेतनाची अट लागू नव्हती. या खोऱ्यात फौजेतून आलेले पुष्कळ आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

राजगडाच्या पायथ्याला गुंठ्याचे भाव ऐकून पाहुणे डोळे विस्फारतात आणि आपणही स्वतःला श्रीमंत समजू लागतो. पण विकल्याशिवाय तो भाव पोटाला येत नाही, आणि या तीनही योजनांनी तो विचारला नाही.

खरी अडचण निराळ्याच ठिकाणी होती. समजा, एका शेतकऱ्याची व्याजासह बाकी १ लाख ९० हजार. २०१७ च्या नियमाने त्याला वरचे ४० हजार आधी भरावे लागत, मग सरकार दीड लाख देई. २०१९ च्या नियमाने ती सगळी माफ. आता बाकी २ लाख १० हजार धरा. २०१९ मध्ये असा माणूस १० हजारांसाठी मूळ योजनेच्या पूर्ण बाहेर! त्यातही दोन बँकांत खाती असली तर बाकी एकत्र धरली जाई. माझ्या मते हा नियम कठोर होता, पण तो होता. म्हणून आपली एकूण बाकी मुद्दल आणि व्याज वेगळे करून लेखी मागून घ्या. सचिवाने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका.

कर्ज कोणते, हेही पाहावे लागते. सोसायटीचे किंवा बँकेचे पीक कर्ज आणि पुनर्गठन केलेले पीक कर्ज यांचाच २०१९ च्या योजनेत विचार झाला. मोटारसायकलचे हप्ते, पतसंस्थेचे कर्ज आणि लग्नासाठी सोने ठेवून काढलेली रक्कम यांना कर्जमाफीचा आधार मिळाला नाही.

मग कर्जमाफीत न बसणाऱ्याचे सर्वच जाते काय? तसे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० घरी कोणाकडून तरी वाचून घ्या. न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीत शेतकऱ्याचे राहते घर, शेतीची अवजारे, उपजीविकेस लागणारी जनावरे आणि बियाणे, घरातील भांडी, अंथरूण-पांघरूण, तसेच धर्माच्या चालीप्रमाणे बाईच्या अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना यांवर जप्ती येत नाही. किती जनावरे आवश्यक, हे न्यायालय ठरवते, म्हणून तेथे हजर राहून सांगावे लागते. मात्र जी वस्तू तुम्ही स्वतः तारण लिहून दिली, तिला हे कलम वाचवील अशा भरवशावर राहू नका. सोसायटीला इकरार करून दिलेल्या जमिनीवर बोजा असतोच.

केंद्राने २०१६ मध्ये दिवाळखोरीचा नवा कायदा केला. त्यात लहान कर्जदाराला कर्जातून मोकळे करण्याचे एक प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचे राहते घर नसावे, अशा त्याच्या अटी. दोन म्हशी असलेला माणूस तेथेच गळतो. शिवाय २०१९ मध्ये व्यक्तींसंबंधीचा भाग लागू केला तो कंपन्यांच्या जामीनदारांपुरता. तेव्हा "दिवाळे काढून देतो" म्हणणारा एजंट आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

सावकाराचा मामला वेगळा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे बिनपरवाना सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत तसे ठरले तर खरेदीखत रद्द होऊन जमीन परत मिळू शकते. तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या कार्यालयात अर्जाची माहिती मिळते. यालाही मुदतीचे बंधन आहे. भावकीत लाज वाटते म्हणून वर्षे घालवू नका.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीबाबत निर्णय घेण्याचे जाहीर केले होते. कोणतीही योजना असो, तिच्या अटी आधीच्या योजनेसारख्या असतील असे धरून चालू नका, शासन निर्णयच वाचा. तयारी मात्र आजच होते. आधारवरील नाव, बँक पासबुकावरील नाव आणि सातबाऱ्यावरील नाव एकच आहे का ते पाहा. वडील वारले असतील तर वारस नोंद करून घ्या, सामाईक खात्यात आपला हिस्सा किती ते ८-अ वरून समजून घ्या. आणि ज्यांचे कर्ज मागे माफ झाले त्यांनी सातबाऱ्याच्या इतर हक्कांत डोकवावे. कर्ज गेले तरी बोजा तसाच राहिलेला मी पाहिला आहे. सोसायटीचा बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या, फेरफार होऊन बोजा कमी होतो.

ज्यांनी सातबारा बरोबर आणला असेल त्यांनी इथेच थांबावे, आपण एकेक करून पाहू.