लोगोची मूळ फाईल कुणाकडे आहे?



आपल्या बॅचमध्ये दुकान, क्लासेस, घरगुती उद्योग असे स्वतःचे काहीतरी चालवणारे बरेच जण आहेत. माझी आपली सॉफ्टवेअरमधली नोकरी. त्यामुळे धंदा कसा करावा हे मी सांगणार नाही. मला ठाऊक असलेली एकच गोष्ट सांगते: आपला लोगो मोठ्या फ्लेक्सवर छापायचा, तर काय द्यायचे.

आपल्या एका मैत्रिणीचा मसाल्यांचा व्यवसाय आहे. तिला विचारूनच सांगते आहे. लोगो काढून देणाऱ्याने तो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि पुढे दुकान बंद केले. प्रदर्शनासाठी १० फुटी फ्लेक्स करायचा झाला, तेव्हा तिच्याकडे तेवढे एकच चित्र होते. फ्लेक्सवाल्याने बघून बघून लोगो नव्याने काढला. पुढच्या वर्षी दुसऱ्याने काढला. मग पाटीवरची मिरची एक, पाकिटावरची दुसरी, टेम्पोवरची तिसरी! शेवटी पहिल्या पाकिटावरून तिने लोगो एकदाच नीट आखून घेतला.

असे का होते? फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. १,६०० ठिपके रुंदीचे चित्र १० फुटांवर, म्हणजे १२० इंचांवर ताणले, की एका इंचात जेमतेम १३ ठिपके येतात. एकेक ठिपका जवळजवळ २ मिलिमीटरचा. चौकातल्या उंच होर्डिंगवर ते खपून जाते, कारण १० मीटरवरून डोळ्याला इतके बारीक दिसत नाही. पण स्टॉलवर गिऱ्हाईक हातभर अंतरावर उभे असते.

यावरचा उपाय आपण भूमितीच्या तासाला शिकलो आहोत. वर्तुळ काढताना आपण ठिपके मोजत नव्हतो. केंद्र आणि त्रिज्या ठरली, की वहीत काढा नाहीतर फळ्यावर, रेघ तितकीच सुबक. व्हेक्टर फाईलमध्ये हेच असते: बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे गणित. यातल्या वक्ररेषांना पिएर बेझिए यांचे नाव आहे. १९६०च्या दशकात रेनो या फ्रेंच मोटार कंपनीत हे इंजिनिअर गाड्यांचे आकार आखण्यासाठी त्या वापरत.

तेव्हा छपाईला देण्याआधी एवढे पाहा.

एक, फाईल व्हेक्टर हवी: सीडीआर, एआय, एसव्हीजी किंवा पीडीएफ. मात्र जेपीजी पीडीएफमध्ये घातली म्हणून ती व्हेक्टर होत नाही. पडद्यावर खूप मोठी करून पाहा. कडा पायऱ्यांसारख्या दिसल्या, तर ती ठिपक्यांचीच आहे.

दोन, अक्षरे कर्व्ह करून घ्या. तुमचा मराठी फॉन्ट फ्लेक्सवाल्याकडे नसेल, तर वेलांटी आणि रफार भलतीकडे जातात. कर्व्ह केलेला मजकूर नंतर टाईप करून बदलता येत नाही, म्हणून आधीची प्रतही जपा.

तीन, रंग. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, फ्लेक्सवर तो शाईने उमटतो. पडद्यावरचा झगझगीत हिरवा शाईत तसाच उतरत नाही. रंगांचे सीएमवायके आकडे लिहून ठेवा आणि आधी वीतभर तुकडा छापून बघा.

चार, कडेला दोन-तीन इंच मोकळी जागा सोडा. कड दुमडून आयलेट ठोकतात, त्यात फोन नंबर जायला नको.

आणि फाईल व्हॉट्सॲपवर पाठवायचीच, तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. आपण शेताचा सातबारा जपतो, दुकानाचा भाडेकरार जपतो, पण ज्या चिन्हावरून लोक आपल्याला ओळखतात, त्याची मूळ फाईल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पडलेली असते. पैसे दिले म्हणून लोगोचा हक्क आपोआप आपला होतोच असे नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा, तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी दोन गोष्टी मागून घ्या: मूळ फाईल आणि सही केलेला कागद.

जेवणानंतर मी इथेच आहे. आपापला लोगो घेऊन या. तो व्हेक्टर आहे की ठिपक्यांचा, ते दोन मिनिटांत पाहू.