योहान सेबास्टियन बाख : एका चाकरीची कैफियत



कलावंताचे चरित्र म्हटले की ते बंडाचे, भटकंतीचे आणि मनस्वीपणाचे असावे अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे, आणि त्यामुळेच योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराच्या चरित्राशी पहिल्यांदा गाठ पडते तेव्हा वाचक काहीसा बुचकळ्यात पडतो. पासष्ट वर्षांच्या त्या आयुष्याचे जे कागद मागे राहिले आहेत त्यांत मनोगते आणि आत्मनिवेदने जवळजवळ नाहीतच. आहेत ती नेमणुकीची पत्रे, करारनामे, रजेवरून झालेल्या चौकशा, पगाराच्या पावत्या, वरिष्ठांच्या ताकिदी आणि त्यांना दिलेले जबाब. जुन्या कचेरीचे रुमाल सोडून बसावे तसे हे चरित्र वाचावे लागते. पण या माणसाची थोरवी शोधायला ते दफ्तर बाजूला सारण्याचे कारण नाही, ते मन लावून वाचले की ती तिथेच सापडते, अशी माझी अनेक वर्षांची समजूत आहे आणि तीच आज आपल्यापुढे मांडावी असा विचार आहे.

बाखचा जन्म २१ मार्च १६८५ रोजी थुरिंगिया प्रांतातील आयझेनाख या गावी झाला. वडील नगरवादक, चुलते वादक, आजे-पणजे वादक. आपल्याकडे एखाद्या घराण्यात जोशीपण किंवा कुलकर्ण्य वतन म्हणून चालत यावे तसे या कुळात वाद्य चालत आले होते. नऊ वर्षांचा असताना आई गेली, पुढच्याच वर्षी वडील गेले, आणि हा पोरका मुलगा ओहरड्रुफ येथे थोरल्या भावाच्या आश्रयाला राहिला. बाखच्या मृत्यूनंतर, १७५४ मध्ये छापलेल्या चरित्रलेखात या दिवसांची एक आठवण दिलेली आहे. भावाजवळ त्या काळच्या नामांकित रचनाकारांच्या कृतींची एक वही होती. ती मागूनही मिळेना, तेव्हा कपाटाच्या जाळीतून हात घालून हा मुलगा रात्री ती गुंडाळून बाहेर काढी आणि दिवा मिळत नसल्यामुळे चांदण्यात बसून उतरून घेई. सहा महिन्यांनी नक्कल पुरी झाली आणि पुरी होताच भावाने ती काढून घेतली. या गोष्टीतले करुण क्षणभर बाजूस ठेवून तिच्यातला उद्योग तेवढा ध्यानात ठेवावा, कारण दुसऱ्याची कृती आपल्या हाताने उतरवून तिचे मर्म आत्मसात करणे हीच या माणसाची पाठशाळा होती आणि लेखणीची ही संगत त्याने अखेरपर्यंत सोडली नाही.

अठराव्या वर्षी त्याला आर्नश्टाट येथे ऑर्गनवादकाची नेमणूक मिळाली. तेथून १७०५ च्या हिवाळ्यात चार आठवड्यांची रजा घेऊन तो ल्युबेक नगरी गेला, तेही २५० मैलांहून अधिक वाट पायी तुडवून, केवळ वृद्ध ऑर्गनवादक बुक्स्टेहुडे याला ऐकण्यासाठी. आणि चार आठवड्यांचे चार महिने करून परतला. धर्मसभेने त्याची चौकशी केली. इतके दिवस कोठे होता, या प्रश्नाला त्याने जबाब दिला की आपल्या कलेतील काही गोष्टी समजून घ्यायला गेलो होतो. त्याच चौकशीत, भजनाच्या साथीत तो अनोळखी स्वर मिसळतो आणि त्यामुळे गाणारी मंडळी गोंधळून जातात, असाही ठपका त्याच्यावर आला. पुढे वायमारच्या दरबारी नऊ वर्षे काढल्यावर त्याने दुसरी चाकरी पत्करली आणि निरोप मागण्याचा हट्ट धरला, तेव्हा ड्यूकने ६ नोव्हेंबर १७१७ पासून २ डिसेंबरपर्यंत त्याला अटकेत ठेवले आणि मग गैरमर्जीने मोकळे केले. पोटासाठी चाकरी करणाऱ्या या मनुष्याच्या ठायी लाचारीचा लेशही नव्हता हे सांगायला एवढे दोन दाखले पुरेत.

ही नवी चाकरी क्योटन येथील राजपुत्र लिओपोल्ड याची. तो संगीताचा जाणता; त्याच्या पदरी बाखने निव्वळ वाद्यांसाठी अपूर्व रचना केल्या. याच काळात, १७२० मध्ये, धन्याबरोबर कार्ल्सबाडला गेलेला बाख घरी परतला तो पत्नी मारिया बार्बारा हिचा दफनविधी उरकून गेल्याची वार्ता ऐकायला. पुढच्या वर्षी त्याने आना माग्डालेना या गायिकेशी विवाह केला. दोन्ही संसारांतून झालेल्या वीस अपत्यांपैकी दहाच वयात आली.

१७२३ मध्ये तो लायप्झिगला, सेंट थॉमस शाळेचा कँटर, म्हणजे संगीतप्रमुख, म्हणून आला. नगरसभेची पहिली पसंती टेलेमान या संगीतकाराला होती, त्याने नकार दिला. दुसरी ग्राउप्नरला, त्याला त्याच्या धन्याने सोडले नाही. तेव्हा हा तिसरा. उत्तम मिळत नसतील तर मध्यम घ्यावेत, अशा आशयाचे एका सभासदाचे बोल त्या वेळच्या इतिवृत्तात नोंदलेले आहेत. करारनाम्यात अटी होत्या : महापौरांच्या परवानगीवाचून गाव सोडू नये, चर्चमधील संगीत नाटकी थाटाचे होऊ देऊ नये, शाळेतील मुलांना गायन शिकवावे. चार चर्चांतील संगीताची व्यवस्था त्याच शाळेतील मुलांच्या जिवावर चालवायची होती. त्याने सही केली, आणि पुढली सत्तावीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, तो त्याच जागी राहिला.

आता त्या चाकरीतला एक आठवडा आपण जवळून पाहू. रविवारी सकाळी सात वाजता उपासना सुरू होई. ती तीन-चार तास चाले, आणि प्रवचनाच्या आधी कँटाटा सादर होई. कँटाटा म्हणजे गायकवृंद, एकल गायक आणि वाद्ये यांनी मिळून त्या दिवसाच्या शास्त्रपाठावर केलेले सुमारे पंचवीस मिनिटांचे निरूपण. रविवार आणि सण धरून वर्षाकाठी असे साठेक प्रसंग येत. जुन्या रचनांवर निभावून नेले असते तरी कोणी जाब विचारला नसता; पण ३० मे १७२३ पासून बाखने बहुतेक दर आठवड्याला नवी रचना करण्याचा क्रम धरला आणि पहिली दोन-तीन वर्षे तो जवळजवळ अखंड चालविला. आठवड्याच्या आरंभी मूळ संहिता लिहायची, शाई वाळते न वाळते तोच विद्यार्थी, मुले आणि आना माग्डालेना यांनी प्रत्येक गायकाचा, प्रत्येक वादकाचा कागद वेगळा उतरवून काढायचा, शनिवारी तालीम आणि रविवारी पहाटे थंडगार गॅलरीत उभे राहून सादरीकरण. आना माग्डालेनाचे अक्षर पतीच्या अक्षराशी इतके मिळून गेले की पुढे अभ्यासकांनाही दोहोंत फरक करणे जड गेले. आपले पूर्वज कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ काढीत, तसा बाख संहितेच्या आरंभी ‘येशू, साहाय्य कर’ या अर्थाची दोन आद्याक्षरे काढी आणि शेवटी ‘महिमा केवळ ईश्वराचा’ या अर्थाची तीन. एका रविवारपुरत्या वाजणाऱ्या आणि सोमवारी कपाटात जाणाऱ्या कागदावर ही अक्षरे उमटत होती. अशा सुमारे दोनशे रचना आज उपलब्ध आहेत.

या संगीताचे अंतरंग आपल्या कानांना प्रथम परके वाटते. आपल्या रागसंगीतात एकच स्वररेषा असते आणि गवई तिच्यात खोल खोल उतरत जातो. बाखच्या संगीतात तीन, चार, कधी पाच स्वररेषा एकाच वेळी चालतात, आणि त्यांतली एकही दुसरीची दासी नसते. फ्यूग नावाचा जो प्रकार त्याने पराकोटीला नेला त्यात एक आवाज एकटाच एक लहानशी स्वरावली मांडतो. ती पुरी होताच दुसरा आवाज तीच स्वरावली वेगळ्या उंचीवरून उचलतो, पण पहिला गप्प बसत नाही, तो दुसऱ्याला अनुरूप असे नवे काही बोलू लागतो. मग तिसरा येतो, मग चौथा. चार जाणती माणसे एकाच वेळी बोलत असावीत आणि तरीही प्रत्येकाचे म्हणणे स्वच्छ ऐकू यावे, एवढेच नव्हे तर एकाच्या बोलण्याने दुसऱ्याच्या बोलण्याला अर्थ यावा, असा तो चमत्कार आहे.

पण ही विद्या त्याने कोरड्या पांडित्यासाठी राबविली नाही. १७२७ च्या गुड फ्रायडेला प्रथम सादर झालेली, दोन गायकवृंद आणि दोन वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेली सेंट मॅथ्यू पॅशन ही येशूच्या यातनांची कथा गाणारी कृती घ्या. येशूचा शिष्य पेत्र त्याला तीन वेळा नाकारतो, कोंबडा आरवतो, आणि पेत्र बाहेर जाऊन रडतो. निवेदकाच्या तोंडी त्या रडण्याचा शब्द येतो तेव्हा त्याचा सूर लांबत, वाकत, थरथरत जातो. आणि मग बाख कथाच थांबवितो. एकटे व्हायोलिन पाळण्याच्या झोक्यासारख्या मंद लयीत गाऊ लागते, खाली खर्जाचे स्वर एकेक थेंब पडावा तसे पडत राहतात, आणि काही वेळाने एक खोल आवाज त्या व्हायोलिनला येऊन मिळतो व या आसवांसाठी तरी दया कर म्हणून विनवितो. ही विनवणी पेत्राच्या तोंडी घातलेली नाही. ती ऐकणाऱ्या प्रत्येकाची आहे, आणि म्हणूनच त्या धर्माशी ज्याचा काडीचा संबंध नाही अशा श्रोत्याचाही कंठ तिथे दाटून येतो.

ज्या गावात हे घडत होते त्या गावाची नगरसभा तीनच वर्षांनी, १७३० मध्ये, कँटर काम करीत नाही म्हणून त्याचे उत्पन्न कापण्याची भाषा बोलत होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टात बाखने नगरसभेपुढे एक कैफियत ठेवली. तिच्यात मुलांची झडती आहे : सतरा कामाची, वीस अजून तयार न झालेली, सतरा निरुपयोगी. ऑक्टोबरात बालमित्र एर्डमान याला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की आपली मिळकत सुमारे ७०० टालर आहे खरी, पण गावची हवा निरोगी असली म्हणजे अंत्ययात्रा घटतात आणि त्यांवरची प्राप्ती बुडते. गेल्या वर्षी असे शंभरावर टालर गेले. मोठ्या कुटुंबाचा पोशिंदा होऊन राहिलेल्या गृहस्थाची ही सरळ फिर्याद आहे, आणि ती वाचताना सेंट मॅथ्यू पॅशनचा कर्ता मला लहान होताना दिसत नाही, उलट अधिक जवळचा वाटू लागतो.

मात्र पुढे जे घडले ते विलक्षण आहे. दर आठवड्याच्या नव्या कँटाटांचा ओघ आटला होता. पण जे काम कोणी सांगितले नव्हते ते त्याने हाती घेतले, आणि नेमून दिलेल्या कामाच्याच शिस्तीने तडीस नेले. १७३३ मध्ये ड्रेस्डेनच्या दरबारी अर्जासोबत पाठविलेल्या एका मासच्या, म्हणजे लॅटिन उपासनासंगीताच्या, दोन भागांना त्याने आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत उरलेले भाग जोडले. ल्यूथरपंथी उपासनेत एवढ्या संपूर्ण लॅटिन मासला स्थान नव्हते, आणि त्याच्या हयातीत ती अथपासून इतिपर्यंत सादर झाल्याचा दाखला नाही. ‘फ्यूगची कला’ हा ग्रंथ तर एकाच स्वरावलीवर फ्यूगचे एकामागून एक प्रकार उभारणारा. त्याला ना धनी, ना दरबार, ना रविवार. १७५१ मध्ये तो छापून निघाला आणि पाच वर्षांत त्याच्या सुमारे तीस प्रती खपल्या. हुकमाची कामे त्याने हुकूम नसता तरी केली असती अशा उमाळ्याने केली, आणि बिनहुकमी कामे उद्या रविवारी हजर करायची आहेत अशा काटेकोरपणाने केली. त्याच्या चाकरीचा आणि साधनेचा जोड मला इथे दिसतो.

१७४९ च्या जूनमध्ये, तो हयात असतानाच, नगरसभेने त्याच्या जागेसाठी दुसऱ्या उमेदवाराची परीक्षा उरकून घेतली. पुढच्या वसंतात एका फिरत्या इंग्रज वैद्याने त्याच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. दृष्टी गेली, प्रकृती ढासळली, आणि २८ जुलै १७५० रोजी त्याचा अंत झाला. आना माग्डालेनाने कँटाटांच्या सुट्या कागदांचा एक मोठा संच शाळेच्या स्वाधीन केला. ती दहा वर्षांनी धर्मादायावर जगता जगता वारली. पण ते कागद टिकले. मेंडेल्सझोन या वीस वर्षांच्या तरुणाने ११ मार्च १८२९ रोजी बर्लिनमध्ये सेंट मॅथ्यू पॅशन पुन्हा उभी केली, १८५० मध्ये बाखच्या समग्र कृती छापण्यासाठी मंडळ निघाले, आणि ते काम पुरे व्हायला अर्धशतक लागले.

‘फ्यूगची कला’ या ग्रंथाच्या हस्तलिखितात तीन स्वरावलींचा एक प्रचंड फ्यूग आहे. तिसरी स्वरावली चार स्वरांनी सुरू होते. जर्मन लेखनपद्धतीत त्या स्वरांची नावे ओळीने वाचली तर बी, ए, सी, एच, म्हणजे ‘बाख’ हे आडनाव होते. तिन्ही स्वरावली एकत्र येतात आणि दोनशे एकोणचाळिसाव्या मात्राखंडाशी लेखणी थांबते. खाली मुलाने पुढे लिहून ठेवलेली टीप आहे की हे नाव गुंफता गुंफता कर्ता निवर्तला. त्या शेवटच्या पानाची प्रतिकृती मी अनेकदा पाहिली आहे. शेवटच्या ओळीत तीन आवाज थांबले आहेत आणि एकटा एक आवाज थोडा पुढे चालून गेला आहे. त्याच्यापुढे पानावर रिकाम्या ओळी आखून ठेवलेल्या आहेत. त्या ओळी चांदण्यात बसून नक्कल करणाऱ्या मुलाच्याच हाताने, उद्याच्या कामासाठी आखलेल्या आहेत, असेच मला त्या पाहताना प्रत्येक वेळी वाटते.